पुसायचं नाही, टाकायचं नाही

मुलांनो, क्षणभर अशी कल्पना करा, की तुमच्या घरी एक कारलं आलंय. हिरवंगार, खडबडीत, दुपारच्या भाजीसाठी आणलेलं. आई विळी मांडून बसली आहे. विळीला धार आहे, आईला घाई आहे, तरीही तिला ते कारलं चिरता येत नाही. कारण तुम्ही त्याच्यावर बॉलपेनानं दोन बारक्या रेघा काढून ठेवल्या आहेत, आणि त्या रेघांना हात लावायची घरात कोणाची टाप नाही!

आवडली ना कल्पना? नवीन पनवेलमधल्या आदिना झिराडकरला नुसती आवडली नाही, तिनं ती करून दाखवली. तिसरीतली मुलगी. पुढचे दोन दात पडलेले. पण तिच्याआधी तिच्या आजोबांविषयी सांगायला हवं, कारण रेघा जरी नातीच्या असल्या तरी त्यांना जोर दिला तो आजोबांनी.

झिराडकर हे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले यहुदी. एफ्राइम आजोबा सरकारी खात्यात नकाशे काढायचं काम करून निवृत्त झाले होते. चाळीस वर्षं कागदावर रेघा ओढल्यामुळे त्यांना वाकडं काही बघवत नसे. भिंतीवरचं कॅलेंडर सुद्धा ते रोज सरळ करत. बायको गेल्यापासून ते मुलगा एयाल, सून मिल्का आणि आदिना यांच्याबरोबर राहत. सगळं ठीक चाललं होतं. तेवढ्यात इस्रायलमधल्या अश्दोदहून त्यांच्या मुलीचा फोन आला, "बाबा, आता कायमचेच या इकडे. पनवेलमधले तुमचे सगळे सोबती इथेच आहेत. संध्याकाळी बागेत बसून मराठीत भांडत असतात."

आजोबांनी एयालकडे बघितलं. त्यांना वाटलं, हा म्हणेल, 'छे, बाबा कुठे जातायत!' एयालला वाटलं, बाबांच्या मनात असेल तर आपण आडवं का यावं? म्हणून तो अगदी आदबीनं म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं, बाबा."

मिल्का म्हणाली, "हो ना. तुमची इच्छा तीच आमची."

'अच्छा,' आजोबा मनात म्हणाले, 'म्हणजे यांना चालणार आहे तर.' आणि मोठ्यानं म्हणाले, "जातो मी." अशा रीतीनं घरातल्या तीन शहाण्या माणसांनी एकमेकांचा मान राखून कोणालाच नको असलेलं तिकीट काढलं.

जाण्याआधी आजोबांना एकच काम उरकायचं होतं. आजीच्या स्मृतिदिनाला जी प्रार्थना म्हणतात ती ते स्वतः पुस्तकातून, मूळ अक्षरांत वाचत. एयाल वाचायचा, पण देवनागरीत छापलेल्या पुस्तिकेवरून. आपण गेल्यावर या घरात ती अक्षरं ओळखणारं कोणीच उरणार नाही, हे आजोबांच्या जिवाला लागलं होतं. म्हणून त्यांनी माळ्यावरून आपली जुनी दगडी पाटी काढली, पुसली आणि नातीला समोर बसवलं.

"ही कुठली अक्षरं?" आदिनानं विचारलं.

"आपण हिब्रू म्हणतो. पण खरं सांगू का, ही मुळात आरामी लोकांची. फार वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांना परमुलखात धरून नेलं होतं. तिथे जिकडे तिकडे आरामी. बाजारात आरामी, कचेरीत आरामी. परत आले तेव्हा ही अक्षरं बरोबर घेऊन आले."

"म्हणजे ढापली?"

"उसनी आणली."

"मग परत केली?"

"राहून गेलं," आजोबा म्हणाले. "आणि आजीची प्रार्थना तर भाषेनं सुद्धा आरामीच आहे. तेव्हाचे साधे लोक ती भाषा बोलायचे ना. आपण घरात मराठी बोलतो, तसं."

पहिलं अक्षर अलेफ. आजोबांनी पाटीवर काढलं आणि म्हणाले, "अलेफ म्हणजे बैल. ही बघ शिंगं. आपण मूळचे तेली. माझ्या आजोबांच्या घाण्याला एक पांढरा बैल होता. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावात आपल्याला शनवार तेली म्हणायचे."

"बैलाला पण सुट्टी?"

"त्याला आधी. शुक्रवारी दिवस कलला की तो आपणहून थांबायचा. मग कितीही चुचकारा."

आजोबांचे डोळे पाटीवरून उठून कुठेतरी दूर गेले. त्यांना घाण्याची कुरकुर ऐकू आली, पेंडीचा वास आला. अंगणात मांडी घालून बसलेला सहा वर्षांचा एफ्राइम दिसला. त्याच्या आजोबांनी याच पाटीवर अलेफ काढलं होतं आणि त्या रेघांवरून काकवीची धार सोडली होती. 'चाट,' ते म्हणाले होते, 'अक्षर गोड असतं हे आधी जिभेला कळू दे. डोक्याला मागाहून कळेल.'

हे ऐकल्यावर अर्थातच आदिनानं काकवी मागितली. ती घरात नव्हती, मधावर भागवलं. तिनं अलेफ चाटून साफ केलं आणि ती म्हणाली, "म्हणजे हे पुसलंच की!"

"चाटलेलं पोटात जातं. त्याला पुसणं म्हणत नाहीत."

अशी अक्षरं पुढे सरकू लागली. बेत म्हणजे घर, दालेत म्हणजे दार. आजोबा पाटीवर आधी पट्टीनं एक आडवी रेघ मारत आणि अक्षरं त्या रेघेखाली टांगत. "पोथी लिहिणारा असंच लिहितो. तो चामड्यावर आधी टोकदार काडीनं रेघ ओरखडतो आणि अक्षरं खाली लोंबकळत ठेवतो."

"म्हणजे मराठीसारखं! दोरीवरचे कपडे!"

"अगदी. फक्त ही दोरी शाईची नसते. आणि कपडे वाळत घालायला सुरुवात उजवीकडून."

आदिनाला इतकी गोडी लागली की तिनं शाळेतली मराठीची वही सुद्धा मागून लिहायला घेतली. बाईंनी चिठ्ठी पाठवली. आजोबांनी चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवली आणि कोणाला सांगितलं नाही. इथवर सारं गोडीगुलाबीनं चाललं होतं. मग आलं योद.

योद म्हणजे सगळ्यांत लहान अक्षर. मुगाच्या दाण्याएवढं. वरून खाली एक टिचकी मारली की झालं. "पण लहान म्हणून हसू नकोस," आजोबा म्हणाले. "दोन योद शेजारी शेजारी लिहिले की ती देवाच्या नावाची खूण होते. प्रार्थनेच्या पुस्तकात बघ, जागोजागी आहेत."

आदिनानं पिझ्झाच्या जाहिरातीच्या कोऱ्या बाजूवर दोन योद काढले. चांगले आले नाहीत म्हणून कागदाचा बोळा केला.

"अगं अगं अगं!" आजोबा खुर्चीतून अर्धे उठले. "नाव लिहिलेला कागद असा चुरगळायचा नाही! पुसायचं नाही, टाकायचं नाही. असा कागद जुना झाला, फाटला, तरी कचऱ्यात जात नाही. सिनेगॉगमध्ये पेटी असते, तिच्यात जपून ठेवतात. पेटी भरली की दफनभूमीत नेऊन माणसासारखं पुरतात."

आता खरं बघायला गेलं तर हा नियम पोथीत मनोभावे लिहिलेल्या पुऱ्या नावासाठी आहे. पिझ्झाच्या जाहिरातीवरच्या दोन टिचक्यांसाठी एवढं कडक व्हायचं कारण नव्हतं. पण शिकवणाऱ्या माणसाला कुंपण जरा लांबूनच घालायची सवय असते. रस्ता जपून ओलांडा, हे शिकवायला तो फाटकाबाहेरच जाऊ नका म्हणतो. आजोबांनीही तेच केलं. त्यांनी बोळा उलगडला, गुडघ्यावर ठेवून तळहातानं सरळ केला आणि टेबलाच्या खणात ठेवला.

आदिना त्या खणाकडे फार वेळ बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी मिल्कानं मोडकी छत्री भंगारात काढली. छत्रीच्या मुठीवर दोन योद होते. छत्री परत कोपऱ्यात गेली. मग आदिनाचा आखूड झालेला निळा फ्रॉक. आतल्या बाजूला, लेबलावर, दोन योद. मग गणिताचा पेपर. त्यावर बाईंनी लाल शाईनं जे लिहिलं होतं त्याच्या शेजारीच निळ्या शाईत दोन योद.

"हा पेपर मी आता फाडणारे," मिल्का म्हणाली.

"फाड," आदिना शांतपणे म्हणाली. "आजोबांना विचारून फाड."

मिल्कानं सासऱ्यांकडे बघितलं. आजोबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. नियम त्यांनीच केला होता आणि तो मोडायला त्यांचं मन घेईना. शिवाय पोरगी योद काय सुरेख काढायला लागली होती!

मग आला तो कारल्याचा दिवस. मिल्का विळीपाशी कारलं हातात धरून बसली होती, तेवढ्यात घरकाम करणारी मैना, उरणकडची, ओट्याकडे बोट दाखवत मागे सरली.

"वहिनी, पोरीनं पिठात बोटानं कायतरी लिवलंय. मी फडका नाय मारनार."

"अगं, पीठ आहे ते!"

"पीठ हाय, पन नाव देवाचा हाय ना? तुमचा देव, आमचा देव, रागावला म्हंजे सगले सारकेच. आमी नाय बा पुसनार."

त्या दिवशी झिराडकरांकडे भाजीत बटाटा होता. कारलं फ्रिजमध्ये मानानं विराजमान झालं. आणि रात्रीची भाकरी मिल्कानं बाहेरच्या टेबलावर थापली, कारण ओटा अडला होता.

"बाबा, काहीतरी करा," एयाल म्हणाला.

"करतो," आजोबा म्हणाले. "एवढी अक्षरं पुरी होऊ देत. शेवटच्या तावपर्यंत पोचलो की मी मोकळा."

ते सहज बोलून गेले. आदिनाचा घास हातातच राहिला. तिनं आजोबांकडे बघितलं, मग फ्रिजवर चुंबकानं लावलेल्या तिकिटाच्या कागदाकडे.

त्यानंतर एक चमत्कारिक गोष्ट झाली. रेश आलं, शिन आलं, आणि शेवटचं अक्षर ताव काही केल्या येईना. अलेफपासून शिनपर्यंत धडाधड लिहिणारी मुलगी ताव म्हटलं की हात आखडायची. कधी त्याचा डावा पाय विसरायची, कधी डोक्यावरची आडवी रेघ.

"ताव म्हणजे खूण," आजोबा पुन्हा पुन्हा सांगत. "आपली वस्तू ओळखू यावी म्हणून करतात ना, तशी. हे बघ, छत, उजवा पाय, डावा पाय, आणि डाव्या पायाला चिमुकलं पाऊल."

"नाही येत आजोबा."

"येईल. घाई नाही." पण घाई होती. आजोबा रोज तिकिटावरची तारीख बघत. हिला शेवटचं अक्षर न शिकवताच जावं लागणार की काय?

इकडे योदांची मोहीम घराबाहेर पडली होती. सोसायटीचे सेक्रेटरी कमळाकर यांनी नवी गाडी घेतली होती आणि नवीन पनवेलच्या बांधकामांची धूळ तिच्या काचेवर रोज बसत होती. धूळ बघितली की मुलांचं बोट शिवशिवतं. सकाळी कमळाकर फडकं घेऊन खाली आले आणि दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून हाक आली.

"कमळाकर! थांबा! पुसू नका!"

आजोबा लुंगी सावरत, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत खाली आले. सगळी हकिकत सांगितली आणि शरमून म्हणाले, "माफ करा. पोर आहे. तुम्ही पुसा खुशाल, मी आपलं तिकडे तोंड करून उभा राहतो."

कमळाकरांनी फडकं खिशात घातलं. चपला काढल्या. "एफ्राइमसाहेब, देवाचं नाव आहे म्हणता आणि पुसू? काय बोलताय! गाडी घेतल्यापासून दोनदा घासली. प्रोटेक्शनच पाहिजे होतं." त्यांनी काचेला हात जोडले आणि बायकोला हाक मारून जास्वंदीचं फूल मागवलं.

संध्याकाळपर्यंत बातमी सगळ्या विंगांत पोचली. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आदिनापुढे रांग. कोणाची स्कूटर, कोणाची रिक्षा, बारावीला बसलेल्या एका ताईची सायकल. आदिनानं प्रत्येकाला बजावलं, "आधी धूळ पाहिजे. धुतलेल्यावर उमटत नाही." लोक गाड्या धुवायचे थांबले. एकानं तर हायवेला जाऊन मुद्दाम धूळ आणली.

आणि मग दारात उभा राहिला काशिराम. बेलपाड्याहून रोज सकाळी येऊन सोसायटीतल्या गाड्या धुणारा. हातात कोरडी बादली.

"आजोबा, आमी तुमचं काय वाईट केलं?"

"का रे बाबा?"

"सगल्या गाड्यांवर तुमचा देव बसलाय. कोन धुवू देत नाय. मी काय नुसता उभा राहू बादली घेऊन? देवाला सांगा, जरा बाजूला सरकायला."

आजोबांना त्या दुपारी जेवण गेलं नाही. लांबून घातलेलं कुंपण आता काशिरामच्या चुलीपर्यंत गेलं होतं. रविवारी सकाळी त्यांनी सगळ्यांना खाली बोलावलं आणि बदामाच्या झाडाखाली उभं राहून जाहीर केलं, "मंडळी, दोन टिचक्यांचं एवढं काही नाही. ती नुसती खूण आहे. धूळ म्हणजे काही पोथी नव्हे. खुशाल धुवा."

कोणी हलेना. कमळाकर म्हणाले, "तरी पण साहेब, काहीतरी विधी असेल ना? असं डायरेक्ट कसं पुसायचं?"

आजोबांनी लोकांची तोंडं बघितली, काशिरामची बादली बघितली, आणि म्हणाले, "धुतलेलं पाणी पायदळी येऊ देऊ नका. बदामाच्या मुळाशी घाला."

मग काय! सगळ्या गाड्या एकामागून एक बदामाजवळ आल्या. काशिराम मधोमध उभा राहून गुरवासारखा पाणी घालत होता, कमळाकर बादल्या भरून देत होते. तेवढं पाणी त्या झाडाला आठ पावसाळ्यांत मिळालं नसेल. वर मैनानंही ओटा धुतला आणि ते पाणी तांब्यातून जपून खाली आणलं.

आदिना आजोबांचं बोट धरून सगळं बघत होती. सत्ता जाताना राजा जसा बघत असेल, तशी.

"आजोबा, म्हणजे दोन योद पुसले तर चालतात?"

"धुळीवरचे, पिठावरचे चालतात."

"कारल्यावरचे?"

"कारलं उद्या करायचं आहे. तुला खावं लागेल."

"मग कशावरचे पुसत नाहीत?"

आजोबा आता फार जपून बोलत होते. त्यांनी विचार केला आणि अगदी खरं तेच सांगितलं. "चामड्यावरचे. पोथी चामड्यावर लिहितात ना? कातड्यावर शाईनं, नीट रेघेखाली, मनापासून लिहिलेलं नाव कोणी पुसत नाही. ते चामडं किती का जुनं होईना, सुरकुतेना, त्याला कोणी बाहेर टाकत नाही. जपून ठेवतात."

"सुरकुतलं तरी?"

"सुरकुतलं तर जास्तच जपतात."

आदिनानं मान डोलावली. आजोबांना बरं वाटलं, की एकदाचं पोरीला नीट समजलं.

जायचा सोमवार जवळ आला. आदल्या रविवारी संध्याकाळी मलिद्याचा बेत ठरला. माणूस लांबच्या प्रवासाला निघाला की बेने इस्रायल घरात एलियाहू नबीच्या नावानं मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओला नारळ, साखर, वेलची, वर फळं आणि गुलाबाच्या पाकळ्या. शनिवारभर आदिना एक काळा मार्कर खिशात घेऊन हिंडली, पण तिनं त्याचं टोपण सुद्धा काढलं नाही. शनिवारी लिहायचं नसतं. खापरपणजोबांच्या बैलाला जे पाळता आलं ते तिलाही आलं.

रविवारी दुपारी आजोबा पाटी छातीवर ठेवून आरामखुर्चीत पडले होते. सकाळी पुन्हा तावचा प्रयत्न झाला होता, पुन्हा डावा पाय राहिला होता. 'जाऊ दे,' ते मनाशी म्हणाले, 'एक अक्षर कमी.' आणि त्या हुरहुरीतच त्यांचा डोळा लागला.

जागे झाले तेव्हा स्वयंपाकघरातून वेलचीचा वास येत होता. तोंडावरून हात फिरवून, टोपी घालून ते बाहेर आले. मैना नारळ खवत होती. तिनं वर बघितलं, खवणी थांबवली आणि पदर डोक्यावरून घेऊन हात जोडले. आजोबांना भरून आलं. 'बघा, माणूस जायला निघाला की त्याची किंमत कळते!'

कमळाकर निरोपाला आले. आजोबांकडे बघताच त्यांनी दारातच चपला काढल्या आणि वाकून नमस्कार केला. काशिराम मागून आला, त्यानंही बादली खाली ठेवली. सिनेगॉगमधली चारसहा मंडळी आली. एकानं तोंडावर रुमाल धरला. आजोबा गहिवरून म्हणाले, "रडू नका. फोन करत जाऊ." रुमालामागून खो खो आवाज आला.

तेवढ्यात मिल्का मलिद्याचं ताट घेऊन आली. सासऱ्यांसमोर आली आणि तिथेच खिळली.

"बाबा... जरा आरशात बघता?"

आजोबा आरशासमोर गेले. कपाळाच्या मधोमध, सगळ्यांत ठळक आठीच्या बरोब्बर खाली, काळ्याभोर शाईत दोन योद लोंबकळत होते. चाळीस वर्षं रेघा ओढलेल्या माणसाच्या तोंडून आधी एवढंच निघालं, "वा! रेघ चुकली नाही!" आणि मग, जरा वेळानं, "आदिना!"

आदिना दाराच्या मागून आली. हात पाठीशी.

"काय केलंस हे?"

"चामड्यावर लिहिलं," ती म्हणाली. "शाईनं. रेघेखाली. मनापासून लिहिलं. आता तुम्हाला बाहेर टाकता येत नाही."

मिल्कानं ताट खाली ठेवलं. "अगं वेडाबाई, टाकतंय कोण आजोबांना? त्यांनाच जायचंय आत्याकडे."

"मला?" आजोबा आरशातूनच म्हणाले. "मला कुठे? तुम्हाला चालत होतं, म्हणून..."

"आम्हाला?" एयाल पुढे आला. "बाबा, मी म्हटलं तुमचे सोबती तिकडे आहेत, तुम्हाला जायचं असेल, म्हणून मी आपलं..."

"मग एकदा नको म्हणायला काय झालं होतं?"

"तुम्ही पण नाही म्हणालात!"

"मोठ्या माणसानं कसं म्हणायचं?"

"आणि लहानानं कसं म्हणायचं?"

मैना खवणीवरून म्हणाली, "शिकलेली मान्सा! पोरीला कलला, तुमाला नाय कलला."

रुमालवाले गृहस्थ म्हणाले, "ते असू द्या, पण सकाळी विमान आहे. एफ्राइमभाई, जरा साबण लावून कपाळ धुवा की."

आजोबा आरशापासून वळले. पाठ ताठ झाली. "अंगावर नाव असताना पाणी लावायचं? शास्त्र काय सांगतं? असा माणूस अंघोळ करत नाही. आणि बिनअंघोळीचा मी विमानात बसणार नाही."

"पण साहेब," कमळाकर गोंधळून म्हणाले, "त्या रविवारी तर तुम्ही म्हणालात, दोन टिचक्यांचं एवढं काही नाही! आम्ही गाड्या धुतल्या!"

"ते काचेचं झालं," आजोबा म्हणाले. "हे चामडं आहे."

एयालनं तिथल्या तिथे अश्दोदला फोन लावला. पलीकडून आत्या आधी रागावली, मग मार्करचं ऐकून हसली, आणि शेवटी ठरलं, की आजोबा दिवाळीनंतर नुसते भेटीला जातील आणि परतीचं तिकीट आधी निघेल.

"म्हणजे बाहेर जाणारच?" आदिनानं खिशातला मार्कर चाचपला.

"पोथी दुसऱ्या गावी दाखवायला नेतात कधी कधी," आजोबा म्हणाले. "पण परत आणतात. ठेवायची जागा तीच."

आदिनानं त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. हे लांबून घातलेलं कुंपण आहे की खरं, ते तपासून घेतलं. मग ती आतल्या खोलीत गेली आणि आरामखुर्चीवरची पाटी घेऊन आली. सगळ्यांच्या मधे जमिनीवर बसली. आडवी रेघ मारली. तिच्याखाली, एकदाही न थांबता, छत, उजवा पाय, डावा पाय आणि डाव्या पायाचं चिमुकलं पाऊल. असं सुबक ताव आजोबांनी कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. एका दिवसात असा हात बसत नाही, हे त्यांना कळलं, आणि त्यांनी चष्मा काढून उगाचच पुसायला घेतला.

आदिनानं मलिद्यातलं गोड नारळाचं पाणी चमच्यानं त्या अक्षरावर सोडलं. उजवीकडून सुरुवात करून अर्धं अक्षर चाटलं, आणि उरलेलं अर्धं आजोबांपुढे धरलं.